उभी किनारपट्टी, आडवी सावली: दूरच्या पिंडांची तारापिधाने कोकणातून कशी टिपावीत

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणपट्टी सुमारे ४५० किमी उत्तर–दक्षिण पसरली आहे. नेपच्यूनपलीकडचा एखादा पिंड ताऱ्यासमोर आला की तारा झाकला जातो, हेच तारापिधान. तेव्हा पिंडाची सावली पृथ्वीवरून जाते ती बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यामुळे मुंबई–गोवा महामार्गावर पन्नास–पन्नास किलोमीटरवर एकेक दुर्बीण लावली, की सावलीच्या वाटेवर आडवे कुंपणच घातले जाते. तारापिधानाच्या कामात याहून सोयीचा भूगोल क्वचितच मिळतो. तो वापरायचा कसा, त्याची ही माहिती.

आधी मूळ गोष्ट. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. त्यामुळे पिंड जेवढा, तेवढीच त्याची सावली जमिनीवर पडते. ती ज्याच्या डोक्यावरून जाते त्याला तारा काही सेकंद दिसेनासा होतो. पंचांगात ग्रहणाच्या वेळा देताना संमीलन आणि उन्मीलन हे शब्द येतात, तेच इथे नेमके बसतात: तारा लपला तो क्षण संमीलन, परत दिसला तो उन्मीलन. या दोन वेळांमधल्या अंतराला सावलीच्या वेगाने गुणले की पिंडावरची एक जीवा मिळते. तारा १८.४ सेकंद लपला आणि सावलीचा वेग सेकंदाला २४.१ किमी असेल, तर जीवा ४४३ किमी. एका जीवेवरून आकार ठरत नाही. तीन-चार समांतर जीवा असल्या की लंबवर्तुळ बसवता येते, आणि ज्याला काहीच दिसले नाही त्याची नोंद त्या लंबवर्तुळाला बाहेरून बांध घालते.

एवढ्याशा साधनाने काय हाती लागते याची उदाहरणे मोठी आहेत. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला आणि त्या ग्रहाची कडी सापडली. त्या पिधानाचा वेध तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही घेतला गेला होता. ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानातून, चिलीमधल्या केवळ दोन ठिकाणांच्या जीवांवरून, एरिसचा व्यास २३२६ किमी ठरला. ३ जून २०१३ ला कॅरिक्लो या सुमारे २५० किमीच्या पिंडाभोवती दोन कडी असल्याचे कळले, आणि २१ जानेवारी २०१७ ला हाउमेयाभोवतीही कडे निघाले.

कोणता पिंड कधी

कोकणात जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आकाश मिळत नाही, हे धरूनच वर्षाचा आराखडा करावा. प्लूटो आणि क्वावार यांची प्रतियुती (पिंड सूर्याच्या बरोबर समोर येण्याचा काळ) नेमकी पावसाळ्यात येते. ते हवे असतील तर एप्रिल–मे महिन्यांत पहाटे गाठावे लागतात. पाऊस ओसरल्यावर एरिस आणि कायरॉन, जानेवारीत कर्केतला वरुण (नेपच्यून नव्हे, या नावाचा त्याच्यापलीकडचा पिंड), फेब्रुवारीअखेर ऑर्कस, मार्च–एप्रिलात माकेमाके आणि एप्रिलअखेर हाउमेया, असा क्रम लागतो. यातले माकेमाके आणि हाउमेया इथून जवळजवळ डोक्यावर येतात, म्हणून ते आपल्यासाठी सर्वांत चांगले. एप्रिलातली धुरकट हवा क्षितिजाजवळ त्रास देते, माथ्यावर फारसा देत नाही.

पिंड स्वतः दिसायची गरज नसते. माकेमाके सतराव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितके तेज कमी), आठ इंची दुर्बिणीच्या छोट्या एक्स्पोजरमध्ये तो उमटणारच नाही. म्हणून तेराव्या प्रतीचा तारा लपला की पडद्यावरची जागा पूर्ण रिकामी होते. प्लूटोचे तसे नाही. तो १४.४ प्रतीचा असल्याने १४ व्या प्रतीचा तारा झाकला तरी सुमारे ४१ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. तिथे घट ओळखायला स्वच्छ नोंद लागते.

भाकीत वाचायचे कसे

तयार भाकिते मिळतात. लकी स्टार प्रकल्प दूरच्या पिंडांची भाकिते नकाशांसह प्रसिद्ध करतो. ऑकल्टवॉचरमध्ये आपले अक्षांश–रेखांश भरले की जवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी येते, आणि ऑकल्ट या प्रणालीत स्वतः शोध घेता येतो. तरी निवड करताना आकडे आपण तपासावेत.

ताऱ्याची जागा गाया उपग्रहाच्या २०२२ च्या तिसऱ्या यादीतून घेतात. तिथली स्थाने २०१६.० या काळाची आहेत, म्हणून ताऱ्याची निजगती (आकाशातली त्याची स्वतःची सरक) मिळवून ती पिधानाच्या दिवसापर्यंत आणावी लागतात. त्या यादीत ‘रूवे’ नावाचा एक रकाना आहे. त्यातला आकडा १.४ च्या वर असेल तर तारा जुळा असण्याची किंवा त्याची जागा चुकलेली असण्याची शक्यता असते. अशा ताऱ्यासाठी दहा माणसांना रात्रभर जागवू नये.

पिंडाची जागा नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स सेवेतून मिळते. माकेमाकेसाठी १३६४७२, हाउमेयासाठी १३६१०८, वरुणासाठी २०००० हे क्रमांक टाकावेत, आणि विषुवांश–क्रांतीची (म्हणजे आकाशातल्या स्थानाची) अनिश्चितता देणारा रकानाही मागून घ्यावा. ती अनिश्चितता तीन सिग्मामध्ये (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) येते. एक सिग्मासाठी तिला तीनने भागा. त्यानंतर तिचे किलोमीटर करायचे सूत्र सोपे आहे: एक सहस्रांश विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे ०.७२५ किमी, गुणिले पिंडाचे पृथ्वीपासूनचे खगोलीय एककातले (सूर्य–पृथ्वी अंतराच्या पटीतले) अंतर. ४० एककांवर एक सहस्रांश विकलेचे २९ किमी होतात. कक्षेत फक्त दहा सहस्रांशांची चूक असली तरी सावली २९० किमी सरकते, म्हणजे अलिबागवर यायची ती वेंगुर्ल्यावर जाते. गायामुळे ताऱ्याची जागा आता पुरेशी पक्की असते. खरी ढिलाई पिंडाच्या कक्षेत असते. मोठ्या दुर्बिणींनी नवे वेध घेतले की भाकीत सुधारते, म्हणून महिनाभर आधी, आठवडाभर आधी, दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी असे चार वेळा पाहावे. आठवड्यापूर्वीचा नकाशा छापून घेऊन गाडी काढणे ही नेहमीची चूक आहे.

शक्यतेचा हिशेब उदाहरणाने करू. पिंड ६०० किमीचा, अनिश्चितता एक सिग्माला ३०० किमी. मध्यरेषेवर बसलेल्याला पिधान दिसण्याची शक्यता ६८ टक्के. नकाशावरच्या कडेच्या रेषेवर, म्हणजे मध्यापासून ३०० किमीवर, ४८ टक्के. आणि कडेबाहेर, ४५० किमीवरही ३० टक्के. ‘आमचं गाव पट्ट्याबाहेर आहे’ म्हणून घरी बसणाऱ्याने हा शेवटचा आकडा पाहावा. दहापैकी तीन वेळा त्याच्याच गावावरून सावली जाणार, आणि तिथे दुर्बीण नसणार.

सावली किती तिरपी

डिसेंबर–जानेवारीच्या प्रतियुतीला सावली जवळजवळ सरळ पूर्व–पश्चिम जाते. मार्च–एप्रिलात ती सुमारे २० ते २३ अंश तिरपी होते. तेव्हा उत्तर–दक्षिण १०० किमीवरच्या दोन ठिकाणांमधले सावलीला आडवे अंतर ९२ किमी भरते. एवढ्याने बिघडत नाही.

बिघडते ते पिंड स्तंभी असताना, म्हणजे वक्री होण्याच्या किंवा मार्गी होण्याच्या आसपास. मे महिन्याच्या सुरुवातीचा प्लूटो असाच असतो. तेव्हा सावली अगदी हळू चालते आणि उत्तर–दक्षिणही जाऊ शकते. मग सगळी किनारपट्टी एकाच जीवेवर बसते. अशा वेळी माणसे घाटावर पाठवावीत: कोल्हापूर, सांगली, सोलापूर. सावलीच्या दिशेकडे न पाहता ठिकाणे वाटली, की सहा दुर्बिणींमधून एकच जीवा सहा वेळा मिळते.

नेहमीच्या पूर्व–पश्चिम सावलीसाठी ठिकाणे अक्षांशावरून वाटावीत. अलिबाग ते दापोली साधारण ९८ किमी, दापोली ते रत्नागिरी ८५, रत्नागिरी ते देवगड ६८, देवगड ते मालवण ३५, मालवण ते वेंगुर्ले २२ किमी. रस्त्याचे अंतर इथे निरुपयोगी आहे, खाड्या आणि वळणांमुळे ते बरेच फुगते. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किमी एवढेच लक्षात ठेवावे. २५० किमीच्या पिंडासाठी अलिबाग–दापोलीमधली फट मोठी आहे, तिथे श्रीवर्धनला कोणी तरी हवेच. उलट मालवण आणि वेंगुर्ले दोन्हीकडे दुर्बिणी असतील तर एक गुहागरला हलवणे अधिक फायद्याचे.

जागा

सडा मिळाला तर दुसरे काही शोधू नये. रत्नागिरी–राजापूर भागातले जांभ्याचे उघडे सडे चहूबाजूंनी मोकळे असतात, पाया टणक असतो आणि वाऱ्याने तिपाई हलली तरी जमीन हलत नाही. वाळूवर तिपाई रात्रभर खचत राहते. आंब्याच्या बागेशेजारी बसायचे असेल तर राखणदाराला आधी सांगून ठेवावे, नाहीतर ऐन वेळी त्याची बॅटरी थेट दुर्बिणीवर येते. समुद्राकडची बाजू कोरी दिसते, पण रात्री मासेमारीच्या होड्यांचे दिवे पश्चिम क्षितिज उजळून टाकतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने उगवता तारा उशिरा वर येतो. तारा किमान २५ अंश वर असलेलेच पिधान निवडावे.

जागेच्या मालकाला, पोलीस पाटलाला आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला दिवसाच कळवावे. किनाऱ्यावर रात्री नळकांडे रोखून बसलेली माणसे पाहून चौकशी होणारच, आणि ती पिधानाच्या मिनिटाला झालेली परवडत नाही. सड्यावर फुरसे असते. घोट्यावर येणारे बूट घालावेत, बॅटरी लावल्याशिवाय दगड उचलू नये, आणि वायरींची वेटोळी जमिनीवर सोडू नयेत.

साधने

आठ इंची दुर्बीण पुरते. तिचे केंद्रांतर २०३२ मिमी असेल तर ०.६३ चा रिड्यूसर लावून ते १२८० मिमीवर आणावे. आयएमएक्स १७४ संवेदकावर मग अर्धा अंश रुंदीचे क्षेत्र मिळते आणि तुलनेला तारे सापडतात. गाळणी लावू नये, सगळा प्रकाश हवा असतो. काळ्या आकाशात १३ व्या प्रतीच्या ताऱ्याला ०.२ सेकंद, १५ व्या प्रतीला ०.५ ते १ सेकंद, हा आरंभीचा अंदाज धरून आदल्या रात्री प्रत्यक्ष तपासावा. सेकंदाला २५ किमी वेगाने ०.२ सेकंद म्हणजे ५ किमी. यापेक्षा फार लहान एक्स्पोजर घेऊन तारा गोंगाटात बुडवण्यात अर्थ नाही. विवर्तनामुळे ४० एककांवर सावलीची कडच सव्वा किलोमीटरभर पसरट झालेली असते.

कॅमेऱ्यात ग्लोबल शटर असावे. रोलिंग शटरमध्ये वरच्या आणि खालच्या ओळींची वेळ वेगळी असते. असा कॅमेरा वापरलाच तर तारा कोणत्या ओळीवर होता ते नोंदवून दुरुस्ती करावी लागते. नोंद एसईआर किंवा फिट्स या न दाबलेल्या फाइलप्रकारांत करावी, दाबलेल्या व्हिडिओत कधीही नाही. पूर्ण चौकट १६ बिटांत, सेकंदाला पाच, असे दहा मिनिटे टिपले तर जवळपास १४ जीबी होतात. दोन बाय दोन बिनिंगने (चार बिंदूंचा एक करून) ते साडेतीन जीबीवर येतात. जुन्या हार्ड डिस्कवर लिहिताना चौकटी गळतात आणि वेळेची साखळी तुटते, म्हणून एसएसडी वापरावी.

वीज जाणार असे धरूनच चालावे. माउंट, दव रोखणारी गरम पट्टी आणि लॅपटॉप मिळून १२ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर ओढतात. चार तासांना ३२ अँपिअर-तास होतात. शिसे-आम्लाची बॅटरी अर्धीच रिकामी करायची, म्हणजे ६५ अँपिअर-तासांची घ्यावी. घरच्या अंगणात बसणार असाल तर इन्व्हर्टरची बॅटरी भरपूर होते. गाडीची बॅटरी वापरू नये, पहाटे सड्यावर गाडी सुरू होत नाही.

वेळ

इथे सर्वांत जास्त निरीक्षणे वाया जातात. ०.१ सेकंदाची चूक म्हणजे जीवा अडीच किलोमीटर सरकली. शेजारच्या गावाच्या जीवेशी ती जुळत नाही, आणि मग नेमके कोण चुकले ते कोणालाच सांगता येत नाही.

सर्वांत उत्तम म्हणजे जीपीएस असलेला कॅमेरा, उदाहरणार्थ क्यूएचवाय १७४ एम-जीपीएस. तो प्रत्येक चौकटीवर वेळ छापतो. एक्स्पोजर बदलले की त्याचे एलईडी कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते, हे विसरू नये. दुसरा मार्ग स्वस्त आहे. निओ-६एम सारखा जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाच्या आरंभी ०.१ सेकंदाचा स्पंद देतो. त्यावर एक मंद एलईडी जोडून दुर्बिणीच्या तोंडाशी धरावा. पिधानाच्या आठ-दहा मिनिटे आधी ३० सेकंद आणि नंतर ३० सेकंद तो चमकू द्यावा, प्रत्यक्ष पिधानात मात्र बंद. झळक दोन चौकटींत विभागली गेली तर त्यांच्या उजेडाच्या प्रमाणावरून सेकंद नेमका कुठे सुरू झाला ते काढता येते. दोन्ही टोकांची वेळ कळली की मधली सगळी साखळी बांधली जाते. तिसरा मार्ग, लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटवरून एनटीपीने लावण्याचा. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर वापरावा, दोन तास आधीपासून चालू ठेवावा. मोबाइलच्या डेटावर मात्र दशांश सेकंदापर्यंत चूक येऊ शकते. एक सेकंदाच्या एक्स्पोजरला हे चालेल, ०.२ ला नाही.

जीपीएसची एक खोडी माहीत असावी. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहाच्या संदेशातून यायला साडेबारा मिनिटेही लागतात, तोवर काही रिसीव्हर चुकीची वेळ दाखवतात. म्हणून जीपीएस किमान वीस मिनिटे आधी मोकळ्या आकाशाखाली चालू करावा. माडांच्या झावळ्यांखाली नको.

आणि तारीख. भाकिते यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, असतात. १८:३० यूटी म्हणजे आपली मध्यरात्र. १४ मार्चला १८:४२:१० यूटी हे पिधान आपल्याकडे १५ मार्चला रात्री ००:१२:१० ला आहे. माणसे एक रात्र उशिरा पोचल्याची उदाहरणे या एका गोष्टीमुळे घडतात. सर्वांना पाठवायच्या निरोपात ‘शनिवारी रात्री जेवून, बारा वाजून बारा मिनिटांनी’ असे वारासकट लिहावे.

त्या रात्री

सूर्य मावळण्याआधी मांडामांड संपवावी. ध्रुवतारा कोकणातून फक्त १६ ते २० अंश वर असतो आणि बहुतेक ठिकाणी झाडामागे किंवा डोंगरामागे जातो. म्हणून ड्रिफ्ट पद्धतीने (तारा किती सरकतो ते पाहून) किंवा प्लेट सॉल्व्हिंगने (चित्रातले तारे संगणकाकडून ओळखून) दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे लावायची सवय हवी. लक्ष्य ताराही प्लेट सॉल्व्ह करूनच पक्का करावा. नकाशाशी डोळ्यांनी जुळवणाऱ्याने शेजारचा तारा टिपला, हे सकाळी कळून उपयोग नाही.

दव नऊ-दहापासूनच पडू लागते. पुढची काच ओली झाली की तारा हळूहळू मंदावतो आणि आलेखात ते पिंडाला वातावरण असल्यासारखे भासते. गरम पट्टी सुरुवातीपासून चालू ठेवावी, काच धुकटल्यावर नाही. योगाच्या चटईचे दीड फूट लांब नळकांडे पुढे लावले तरी निम्मे काम होते. काच पुसू नये. हवेतले मीठ तिच्यावर बसलेले असते, पुसले की चरे पडतात.

पिधानाच्या दहा मिनिटे आधी नोंद सुरू करून दहा मिनिटे नंतर थांबावे, पिंड लहान असला तरी. हाउमेयाचे कडे केंद्रापासून २२८७ किमीवर आहे, म्हणजे सेकंदाला २५ किमी वेगाने मुख्य पिधानाच्या दीड मिनिट आधी आणि नंतर. क्वावारचे बाहेरचे कडे आणखी दूर, चार हजार किमीवर. दोन मिनिटांची नोंद घेणाऱ्याच्या हाती हे काहीच लागत नाही. नोंद चालू असताना फोकस, गेन किंवा एक्स्पोजर बदलू नये, फोनचा दिवाही नको.

नोंदीनंतर

मूळ फाइल जागच्या जागी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. टँग्रा किंवा पायमूव्ही या प्रणालींत लक्ष्य ताऱ्याबरोबर दोन तुलनातारे मोजून प्रकाशआलेख काढावा. घट तुलनाताऱ्यातही असेल तर ढग गेला. लक्ष्यातच असेल आणि काठ उभे असतील तर पिंड. काठ उताराचे असतील तर पातळ वातावरण किंवा दव, आणि कोणते ते तुलनातारे सांगतील. एकाऐवजी दोन पायऱ्यांत प्रकाश उतरला तर तारा जुळा. मुख्य घटीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बारीक खळगे दिसले तर ती कड्याची खूण असू शकते, म्हणून त्या रात्रीच्या सर्व ठिकाणच्या फाइली एकत्र मागवाव्यात.

संमीलन–उन्मीलनाच्या वेळा अनिश्चिततेसह काढायला पायोटी वापरावे. अहवालात अक्षांश–रेखांश एका विकलेपर्यंत (सुमारे ३० मीटर), दुर्बीण, कॅमेरा, एक्स्पोजर, वेळ कोणत्या पद्धतीने घेतली आणि छापलेली वेळ चौकटीच्या आरंभाची, मध्याची की शेवटाची, हे सगळे लिहावे. ही शेवटची गोष्ट राहिली तर अर्ध्या एक्स्पोजरची चूक कायमची चिकटते. तारा लपलाच नाही तरीही असाच पूर्ण अहवाल पाठवायचा. दापोलीला लपला आणि श्रीवर्धनला नाही, तर पिंडाची उत्तर कड त्या दोन गावांच्या मध्ये कुठे तरी आहे, आणि हे श्रीवर्धनच्या अहवालाशिवाय कळत नाही.

घरी आल्यावर दुर्बीण लगेच पेटीत भरू नये. झाकण न लावता कोरड्या खोलीत काही तास सुकू द्यावी, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी डबा उघडून काचा पाहाव्यात, बुरशीचे जाळे एकदा खोल रुतले की काच परत पहिल्यासारखी होत नाही.